वनौषधी, सौंदर्यद्रव्यें आणि त्यांची पारख

राजगडावर चढण्याच्या ज्या वाटा आहेत त्यांत पाली गांवावरून जाणारी वाट राजमार्गाची समजली जाते. सातारा रस्त्यावरील नसरापूर सोडून मार्गासनी, साखर, वाजेघर हीं गांवें मागें टाकलीं म्हणजे आपण पालीस येतों, आणि तेथून पायऱ्यांची वाट धरून पाली दरवाज्यास भिडतों. शाळेच्या सहलींत आम्ही याच वाटेनें गेलों. गडाचें वर्णन करण्याचा येथें हेतु नाहीं. तें अनेकांनीं आमच्यापेक्षां चांगलें केलेलें आहे. गांवाच्या कडेस एका कुंपणावर एक वेल चढली होती. तिच्यावरून विद्यार्थ्यांत जो वाद झाला तो वनस्पतिशास्त्रांतून निघून रसायनशास्त्रांत, आणि तेथून थेट कायद्यांत शिरला. तोच या लेखाचा विषय आहे.

एक विद्यार्थी म्हणाला, "ही गुळवेल. साथीच्या वर्षीं आमची आजी रोज हिचा काढा करून देत असे." दुसरा म्हणाला, "छे, हा कडू कारांदा; पान सारखें दिसतें इतकेंच." दोघेही पानाकडे बोट दाखवीत होते, आणि पान दोहोंचेंही हृदयाकृति! कुंपणाची मालकीण असलेली वृद्ध बाई हा कलह ऐकून बाहेर आली. "आजी, ही गुळवेलच ना?" असें विचारतांच ती हंसून म्हणाली, "लेकरांनो, पानं काय बघता? दांडा कापून बघा." दांडा कापून पाहिला तों कुंपणावर दोन्ही वेली एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या, आणि दोघेही वादी अर्धे अर्धे बरोबर ठरले. गुळवेलीच्या जून दांड्याची साल कागदासारखी पातळ सुटते, आंत हिरवा थर दिसतो, आणि आडवा छेद घेतला तर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी रचना डोळ्यांना दिसते. कारांद्याच्या वेलीस यांपैकीं कांहीं नाहीं. त्या बाईनें पाऱ्याचें प्रमाण किंवा औषधिकोश यांचें नांव कधीं ऐकलें नसेल; पण पारखीचा पहिला नियम, म्हणजे जें अवयव औषधास घ्यावयाचें तेंच ओळखतां आलें पाहिजे, हा तिनें आम्हांस एका वाक्यांत शिकविला.

हा मुलूख वनौषधींचा जुना आहे. भोरकडील नीरेच्या खोऱ्यास हिरडस मावळ म्हणतात. बाजी प्रभु देशपांडे तेथलेच. गडाच्या एका माचीचें नांवच संजीवनी. हिरडा, बेहडा, आवळा, कुडा, गुळवेल, अडुळसा, निरगुडी ही येथील रानांतील व बांधांवरील नित्याची संपत्ति. परंतु याच रानांत बिब्बा आहे, गुंज आहे, धोत्रा आहे, कळलावी आहे. "वनस्पतीचें औषध आहे, त्यापासून अपाय होणार नाहीं" असें वाक्य आपण वारंवार ऐकतों. ज्यानें बिब्ब्याचें तेल एकदां कातडीवर सांडलेलें पाहिलें आहे तो असें म्हणणार नाहीं. सह्याद्रीच्या दाट रानांत नरक्या नांवाचें एक दुर्गंधी झाड आढळतें. मुंबईंतील संशोधक गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं १९७२ सालीं त्यांत कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य असल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच द्रव्यापासून पुढें कर्करोगावरील प्रभावी औषधें तयार झालीं. आणि तीं इतकीं तीव्र आहेत कीं रुग्णालयांतच, रक्त तपासून, मोजून द्यावीं लागतात. वनस्पतींत रोग हटविण्याची शक्ति आहे हें मान्य केलें कीं अपाय करण्याची शक्तिही मान्य करावीच लागते. एक घ्यावी आणि दुसरी नाकारावी, असें होत नाहीं.

आतां त्या गुळवेलीची पुढील हकीकत सांगतों, कारण महाराष्ट्रांत या विषयावर झालेला सर्वांत बोधप्रद वाद तिच्यावरूनच झाला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शरदिनी डहाणूकर यांचें नांव आमच्या कित्येक वाचकांस झाडाफुलांवरील त्यांच्या रसाळ मराठी लेखनामुळें ठाऊक असेल. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, आणि त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुळवेलीवर पद्धतशीर संशोधन केलें. पित्तमार्ग अडून झालेल्या काविळींत रुग्णाची जंतूंशीं झगडण्याची शक्ति खालावते व शस्त्रक्रिया धोक्याची होते. अशा रुग्णांस आधीं गुळवेल दिली तर ती शक्ति सांवरते काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि १९८९ व १९९३ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. हें संशोधन कसें झालें तें लक्षांत घ्यावें: वनस्पति निश्चित, मात्रा निश्चित, रुग्णाची स्थिति निश्चित, आणि शेजारीं तुलनेसाठीं गुळवेल न दिलेले रुग्ण.

पुढें २०२० सालीं करोनाची साथ आली. भय मोठें आणि उपाय थोडे. अशा वेळीं घरोघरीं गुळवेलीचे काढे उकळूं लागले. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत आयुष मंत्रालयाच्या मार्गदर्शक पत्रकांतही गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईंतील यकृततज्ज्ञांनीं यकृतदाह झालेले सहा रुग्ण पाहिले. सर्वांनीं गुळवेल घेतलेली होती. हा अहवाल २०२१ सालीं प्रसिद्ध होतांच मोठा गदारोळ झाला. मंत्रालयानें आक्षेप घेतला कीं, रुग्णांनीं जें सेवन केलें त्याचें पृथक्करण लेखकांनीं केलेलें नाहीं; ती खरी गुळवेल नसून तिच्याच जातिसमूहांतील दुसरी, राखट व गांठाळ दांड्याची वेल असूं शकेल. यावर २०२२ सालीं देशांतील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा मोठा अहवाल बाहेर आला. ज्यांच्या शरीरांत स्वप्रतिकारजन्य यकृतविकाराची प्रवृत्ति सुप्त असते त्यांच्यांत गुळवेल ती जागृत करीत असावी, असा या तज्ज्ञांचा रोख आहे. मंत्रालयानें मात्र गुळवेल सुरक्षितच आहे असें पुन्हां जाहीर केलें.

विद्यार्थ्यांनीं या वादांत पक्ष घेण्याची घाई करूं नये. दोन्ही बाजूंचें म्हणणें नीट वाचलें तर त्यांत विरोधापेक्षां साम्य अधिक आहे असें आम्हांस वाटतें. प्रतिकारशक्ति चेतविणारें द्रव्य, हें जर डहाणूकरांच्या संशोधनाचें फलित, तर ज्याची प्रतिकारशक्ति आपल्याच यकृतावर उलटण्याच्या बेतांत आहे त्यास तेंच द्रव्य बाधावें यांत आश्चर्य कोणतें? आणि वेल ओळखण्यांत चूक झाली असेल, हा आक्षेप खरा धरला तर तो गुळवेलीचा बचाव होईल, पण बाजाराचा होणार नाहीं. कारण मग प्रश्न असा उरतो कीं, गुळवेल म्हणून भलतीच वेल लोकांच्या पोटांत जाऊं कशी दिली?

भलतीच वस्तु विकली जाते याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. शाळांच्या व कचेऱ्यांच्या आवारांत उंच, सरळ, लोंबत्या पानांचीं जीं झाडें "अशोक" म्हणून लावतात तीं अशोक नव्हेत. खरा सीतेचा अशोक निराळा; त्यास केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात, आणि अशोकारिष्टांत त्याचीच साल हवी. ती दुर्मिळ झाल्यामुळें बाजारांत खोट्या अशोकाची साल मिसळली जाते हें संशोधकांनीं वारंवार दाखविलें आहे. ब्राह्मीची गोष्ट थोडी वेगळी. एकाच नांवानें कोठें मंडूकपर्णी तर कोठें जलब्राह्मी दिली जाते, आणि देणारा प्रामाणिक असूनही घेणारा फसतो.

नामसादृश्यानें केवढा अनर्थ होतो हें पाहावयाचें असेल तर बेल्जम देशाकडे पाहावें. ब्रुसेल्स शहरांत स्थूलपणा कमी करण्याच्या एका उपचारांत एक चिनी वनस्पति वापरीत. ती आपल्या गुळवेलीच्याच कुळांतली. चिनी भाषेंत तिच्या नांवाशीं मिळतें नांव असलेली दुसरी एक वनस्पति आहे, आणि ती सापसंदाच्या कुळांतली. पुरवठा करतांना एकीच्या जागीं दुसरी गेली. सुमारें शंभर स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि पुढें त्यांच्यांतील कित्येकींस मूत्रमार्गाचा कर्करोग जडला. १९९३ सालीं तेथील वैद्यांनीं हा प्रकार उघडकीस आणला. सापसंद आपल्याकडील रानांतही आढळतो. तेव्हां ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देतां येत नाहीं.

कायद्याचा इतिहास आतां थोडक्यांत पाहूं. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं १९३० सालीं औषध चौकशी समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा निघाला. पण त्यानें आयुर्वेदीय व युनानी औषधें आपल्या कक्षेबाहेरच ठेविलीं. १९५४ च्या कायद्यानें चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींस आळा घातला: मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदु अशा ठराविक विकारांवर रामबाण औषध असल्याची जाहिरात करणें गुन्हा ठरलें. उंची वाढविण्याच्या औषधाचीही जाहिरात त्यांत मोडते, हें आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें! १९६२ सालीं सौंदर्यद्रव्यें मूळ कायद्यांत आलीं, आणि १९६४ सालीं आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठीं स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें. कारखान्यांतील स्वच्छता, यंत्रें, नोंदी व तपासणी यांचे नियम असलेली "टी" अनुसूची मात्र २००० सालापर्यंत आली नव्हती. बिब्बा, बचनाग, कुचला, गुंज, धोत्रा, जमालगोटा, तसेंच पारा, हरताळ, मोरचूद अशा विषारी द्रव्यांची एक निराळी यादी कायद्यांत आहे. तीं ज्या औषधांत असतील त्यांच्या वेष्टनावर वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावें अशी सूचना छापावी लागते.

आयुर्वेदीय औषध बनविण्याचे कायद्यानें दोन मार्ग ठेविले आहेत. चरक, शार्ङ्गधर, भावप्रकाश अशा मान्य ग्रंथांतील पाठाप्रमाणें जसेंच्या तसें बनविणें हा एक. आणि त्या ग्रंथांतील द्रव्यें घेऊन स्वतःचा नवा पाठ रचणें हा दुसरा. दुसऱ्या प्रकारांत निर्मात्यानें सुरक्षितता व उपयुक्तता यांचा पुरावा कोठें व किती द्यावा याचे नियम २०१० सालीं घालण्यांत आले. बाजारांतील झगझगीत डब्यांतला पुष्कळ माल या दुसऱ्या प्रकारचा असतो, पण जाहिरात मात्र हजारों वर्षांच्या परंपरेची केली जाते. याचें आम्हांस नेहमींच हंसूं येतें.

कायदा असून भागत नाहीं. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनांत डायएथिलीन ग्लायकॉल हें कारखान्यांत वापरण्याचें विष मिसळलेलें होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. तें औषध आयुर्वेदीय नव्हतें. आणि म्हणूनच आम्ही तें येथें सांगतों. भेसळ पंथ पाहून येत नाहीं. अमेरिकेंत १९३७ सालीं याच विषानें शंभराहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, मेलीं होतीं, आणि त्यावरून तेथें पुढच्याच वर्षीं नवा कायदा झाला. एकोणपन्नास वर्षांनीं तेंच विष तशाच वाटेनें मुंबईंत आलें.

आयुर्वेदीय मालाविषयीं परदेशांत कान टवकारले गेले ते २००४ सालीं. बॉस्टन शहराच्या परिसरांतील दुकानांत मिळणारीं, दक्षिण आशियांत बनलेलीं ७० औषधें तेथील संशोधकांनीं तपासलीं. त्यांपैकीं १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल आढळला. भारत सरकारनें जानेवारी २००६ पासून परदेशीं जाणाऱ्या वनौषधींच्या मालास या धातूंची तपासणी आवश्यक केली. शिसें दहा लक्ष भागांत १०, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग यांहून अधिक असूं नये, ही मर्यादा. दहा लक्षांत एक म्हणजे किती? एक किलोग्रॅम चूर्णांत एक मिलिग्रॅम. मोहरीच्या दाण्याहूनही हलका कण. येथें एक भेद सांगितला पाहिजे. रसौषधींत पारा बुद्धिपुरस्सर असतो व तो शास्त्रोक्त संस्कार करून घातलेला असतो. त्याचा वाद वेगळा आहे. परंतु नुसत्या वनस्पतींच्या चूर्णांत शिसें निघालें तर तें माती, पाणी, चक्की किंवा लबाडी यांपैकीं कोठून तरी आलेलें असतें, आणि त्याचें समर्थन कोणत्याच ग्रंथांत नाहीं.

सौंदर्यद्रव्यांकडे वळतांना आमच्या वाचकांपैकीं मुलींची क्षमा मागून आरंभ करतों. वास्तविक हल्लीं मुलांनाही हें सांगणें तितकेंच जरूर झालें आहे. शरीरास चोळावयाचें, ओतावयाचें किंवा शिंपडावयाचें, आणि हेतु स्वच्छतेचा अथवा शोभेचा असेल, तर कायद्याच्या दृष्टीनें तें सौंदर्यद्रव्य. रोग बरा करण्याचा दावा केला कीं तेंच औषध होतें. दिवाळीचें उटणें पहिल्या वर्गांत पडतें, खरजेवरील कडुनिंबाचें मलम दुसऱ्या. सौंदर्यद्रव्यांचे स्वतंत्र नियम २०२० च्या डिसेंबरांत निघाले. त्यांप्रमाणें पारा मुद्दाम घालण्यास बंदी आहे, आणि नकळत आलेला पाराही दहा लक्षांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. डोळ्यांच्या प्रसाधनांस तेवढी ७० भागांची सवलत आहे.

इतका कडक नियम कां? पारा कातडीला काळेपणा आणणारें रंगद्रव्य तयार होऊं देत नाहीं. म्हणून तो असलेलें मलम लावलें कीं कांहीं आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळतो. लोकांस गुण येतो तो असा. पण तोच पारा त्वचेंतून रक्तांत आणि रक्तांतून मूत्रपिंडांत जातो. अकोल्यांतील एकाच घरांतल्या तीन स्त्रियांस मूत्रपिंडाचा विकार झाल्याची वार्ता २०२३ च्या आरंभीं वृत्तपत्रांत आली होती. तिघींत समान गोष्ट शोधतां शोधतां वैद्य चेहऱ्यास लावण्याच्या एका मलमापर्यंत पोंचले, आणि के. ई. एम. रुग्णालयांत केलेल्या तपासणींत त्यांत पारा मर्यादेच्या कित्येक पटींनीं अधिक निघाला. रंग उजळावा म्हणून तीन जीव संकटांत! गोऱ्या कातडीचा हा हव्यास आपल्या समाजांत कोठून आला यावर वेगळा निबंध लिहितां येईल.

मेंदीविषयींही तसेंच. मेंदीच्या पानांतील रंग नारिंगी-तांबूस असतो व तो चढण्यास तास लागतात. "काळी मेंदी" म्हणून जी तासाभरांत काळीभोर रंगते ती मेंदीच्या नांवाखालीं केसांच्या कलपांतील पॅराफेनिलिनडायमिन नांवाचें रसायन असते. हातावर फोड आणते, आणि एकदां तिची बाधा झाली कीं पुढें कलप लावतांनाही ती आयुष्यभर सतावते.

हें सर्व तपासतात कसें? वनस्पतीचा तुकडा प्रथम डोळ्यांनीं व भिंगानें, नंतर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. पालीच्या आजीची पद्धति ती हीच. मग चूर्ण जाळून राख तोलतात. आम्लांत न विरघळणारी राख फाजील आली तर माल वाळूमातीनें जड केला आहे असें समजावें. त्यानंतर अर्काचे ठिपके विशिष्ट लेप दिलेल्या पत्र्यावर घालून द्रावणांत उभे करतात. निरनिराळीं द्रव्यें निरनिराळ्या उंचीपर्यंत चढतात, आणि प्रत्येक वनस्पतीची अशी पट्ट्यांची स्वतःची सही उमटते. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका घालून तिचें टोंक पाण्यांत बुडविलें तर निळा, जांभळा, तांबडा असे रंग वेगळे होतात, तत्त्व हेंच. हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरीं करावा. पुण्यांत या विषयाचें माहेरघरच आहे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची आघारकर संशोधन संस्था तेथें आहे, आणि वनस्पति सर्वेक्षण खात्याचें पश्चिम विभागाचें कार्यालयही आहे, जेथें वाळविलेल्या नमुन्यांशीं आपली वनस्पति ताडून पाहतां येते.

तरीही एक मोठें भगदाड उरतेंच. आयुर्वेदीय औषध बनविण्यास परवाना लागतो, विकण्यास लागत नाहीं. आणि वैद्यानें आपल्या रुग्णापुरतें स्वतः तयार केलेलें औषध परवान्यांतून मुक्त आहे. दुसरी सवलत आम्हांस रास्त वाटते, कारण तेथें देणारा समोर बसलेला असतो व उद्यां त्यास विचारतां येतें. पहिली मात्र डोंगराळ भागांत फार महाग पडते. आठवड्याच्या बाजारांत पथारी पसरून बसलेल्या माणसाच्या पुडीवर नांव नसतें, गांव नसतें, तारीख नसते.

परतीच्या वाटेवर आम्ही वेल्ह्यास थांबलों तेव्हां विद्यार्थ्यांनीं एका दुकानांत तीन वस्तूंची वेष्टनें वाचून पाहिलीं. त्रिफळा चूर्णाच्या पुड्यावर परवाना क्रमांक, घाणा क्रमांक, तिन्ही फळांचीं शास्त्रीय नांवें, निर्मात्याचा पत्ता व मुदत होती. केसांच्या तेलावर हें सर्व होतें, पण अक्षर इतकें बारीक कीं भिंग काढावें लागलें. तिसरी डबी चेहऱ्याच्या मलमाची. तिच्यावर एका गोऱ्या मुखाचें चित्र व किंमत यांवांचून कांहीं नव्हतें. दुकानदारास विचारलें तेव्हां तो संकोचून म्हणाला, "गुरुजी, माल आणून देणारा देतो, आम्ही ठेवतो. नाहीं ठेवली तर पोरी दुसरीकडं घेतात."

ती डबी आम्हीं विकत घेऊन, मोहोरबंद करून, पावतीसह अन्न व औषध प्रशासनाकडे पाठविली आहे. पालीच्या कुंपणावरील दोन्ही वेलींचे तुकडे वर्तमानपत्रांत दाबून वाळविले, आणि ते आतां शाळेच्या विज्ञानमंदिरांत लावले आहेत. प्रत्येकाखालीं नांव, ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचें नांव लिहिलें आहे. त्याच वाटेवर सांपडलेल्या एका तिसऱ्या वेलीस हृदयाकृति पानें असून त्यांवर दाट लव आहे. तिच्या चिठ्ठीवर नांवाची जागा अद्याप कोरी ठेविली आहे.